पार्सल पोचलं म्हणे, पण कुणाला?

पत्राचा सारांश: वर्षापूर्वी आई गेली. शेवटचं आजारपण परदेशातल्या थोरल्या बहिणीकडे निघालं, त्यामुळे आईच्या चीजवस्तू तिच्याकडेच राहिल्या. त्यातल्या दोन हस्तलिखित वह्या, एक शाल आणि आईचा चष्मा तिनं टपालखात्यातर्फे धाकटीला, म्हणजे पत्रलेखिकेला, पाठवला. ट्रॅकिंग नंबर फोनवर सांगितला, यांनी तो कॅलेंडरच्या मागच्या बाजूला उतरवून घेतला. जवळपास तीन आठवडे पानावर ‘देशाबाहेर रवाना’ एवढंच दिसत होतं. मग एकाएकी दोन-तीन नोंदी झाल्या आणि मंगळवारी दुपारी ‘डिलिव्हर्ड’. त्या दिवशी पत्रलेखिका घरातच होत्या. आलं मात्र काहीच नाही. मधल्या काळात ‘पत्ता अपूर्ण आहे, थोडं शुल्क भरा’ असा एक मेसेज आला होता, त्यातली लिंक त्यांनी उघडली नाही. आता ‘तेव्हाच भरले असते तर’ अशी रुखरुख लागली आहे. त्यांचा संशय त्या भागात नव्यानं आलेल्या डिलिव्हरीच्या मुलावर आहे, आणि शेजारी म्हणतात, सरळ पोलिसांत जा. बहिणीनं ‘मिळालं का गं?’ असं विचारलं की त्या ‘येईल आज-उद्या’ म्हणून वेळ मारून नेतात, कारण ‘ताईला वाटेल, आईची एक वस्तू हिला सांभाळता आली नाही’. इकडे ताई उरलेल्या वह्याही पाठवायला निघाली आहे. त्यांचे प्रश्न दोन: तक्रार कुणाची करू, आणि ताईला सांगू की नको?

मैत्रिणी,

तुम्ही प्रश्न दोन विचारलेत, पण मला ते एकच वाटतात. कारण तक्रार कुणी करायची, तर तुमच्या ताईनं. टपालाच्या हिशेबी गिऱ्हाईक तो, ज्यानं काउंटरवर पैसे भरून पावती घेतली. तुम्ही फक्त लेबलावरचा पत्ता. ऐकायला कडू आहे, पण व्यवहार असाच चालतो. चौकशीचा अर्ज पाठवणाऱ्याचा, भरपाईचा पहिला हक्क पाठवणाऱ्याचा, वाटेत पत्ता बदलायचा किंवा पार्सल परत बोलवायचा अधिकारही त्याचाच. म्हणजे ज्या एका माणसाला तुम्ही अंधारात ठेवलंय, नेमकं तिच्या सहीवाचूनच हे काम पुढं सरकत नाही.

ताईशी काय बोलायचं ते पुढं लिहितेच. आधी त्या ट्रॅकिंगच्या पानाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघू, कारण तुमचा अर्धा त्रास त्या पानावर नको तितका विश्वास ठेवल्यामुळे झालाय असं मला वाटतं.

पान उघडलं की आपला समज होतो, पार्सल आत्ता कुठं आहे ते दिसतंय. तसं नसतं. साध्या पार्सलमध्ये ठावठिकाणा सांगणारं कुठलंही यंत्र बसवलेलं नसतं. असतं ते चिकटवलेलं लेबल आणि त्यावरचा बारकोड. कुणीतरी हातातल्या स्कॅनरनं तो बारकोड वाचला किंवा संगणकावर नंबर घातला, की एक ओळ उमटते: अमुक वेळी, अमुक ठिकाणी, हे लेबल अमक्याच्या ताब्यात आलं. दोन ओळींच्या मधल्या वेळात पार्सल गोदामात पडून आहे, विमानात आहे की गाडीत सीटखाली सरकलंय, यातलं काहीच त्या पानाला ठाऊक नसतं. तेव्हा ‘कुठं आहे’ हे शोधायला ते वाचू नका. ‘आत्ता उत्तर द्यायची पाळी कुणाची’ हे शोधायला वाचा. तेवढं ते बऱ्यापैकी चोख सांगतं.

तुमचे ते तीन कोरे आठवडेच घ्या. ‘घोळ तेव्हाच झाला असणार’ असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. परदेशी टपाल सुटं जात नाही. ज्या केंद्रातून ते देशाबाहेर पडतं, तिथं ते बाकीच्या पार्सलांबरोबर एका थैलीत भरतात. थैलीचं तोंड बंद होतं, तिला स्वतःचं लेबल लागतं आणि तिथून पुढं नोंद होते ती थैलीची. आतलं एकेक पार्सल पुन्हा वाचलं जातं ते थेट दुसऱ्या देशात, थैली फोडल्यावर. विमानात जागा मिळाली नाही म्हणून थैली आठवडाभर विमानतळावरच्या गोदामात बसली, तरी तुमच्या पानावर शांतताच. ‘रवाना’ आणि ‘आगमन’ यांच्यामधली शांतता ही अशी, तिला फार भिऊ नये. काळजी करायची ती ‘आगमन’ किंवा ‘कस्टमकडे’ अशी नोंद झाल्यावर पान गप्प झालं तर. तिथं पार्सल थैलीबाहेर असतं, कुणाच्या तरी टेबलावर असतं, आणि बरेचदा एखादा कागद कमी पडलेला असतो. तुमच्या बाबतीत तो टप्पा सुरळीत पार पडला. तुमची गाठ शेवटच्या मैलात पडली आहे.

पण त्याआधी एक शंका फेडून टाका. नंबर तुम्ही फोनवर ऐकून लिहून घेतलाय. तो बरोबर आहे कशावरून? टपालखात्याचा परदेशी नंबर १३ चिन्हांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी पुन्हा दोन अक्षरं. हा साचा जगभर एकच आहे, कारण तो जागतिक टपाल संघानं ठरवून दिलाय. (१८७४ मध्ये बर्न शहरात २२ देशांनी मिळून हा संघ काढला, मुख्यालय आजही तिथंच आहे. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे देशसुद्धा सहसा एकमेकांच्या थैल्या निमूटपणे उघडतात, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.) पहिलं अक्षर सेवेचा प्रकार सांगतं. सी असेल तर पार्सल, आर असेल तर रजिस्टर, व्ही असेल तर विमा उतरवलेलं, ई असेल तर ईएमएस ही जलद सेवा. यू पासून सुरू होणारा नंबर असेल, तर शेवटपर्यंत माग लागेलच अशी हमी नसते. शेवटची दोन अक्षरं पार्सल जिथून निघालं त्या देशाची, जिथं जायचं त्याची नव्हेत. इथं पुष्कळ जण फसतात. आणि मधल्या भागात अक्षर कधीच नसतं. तेव्हा कॅलेंडरवर मध्येच इंग्रजी ‘ओ’ सारखं काही दिसलं, तर ते शून्य.

मधल्या नऊपैकी नववा अंक पडताळणीचा असतो. पहिल्या आठ अंकांना क्रमानं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं, बेरजेला ११ नं भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. समजा, आठ अंक १२३४५६७८ असे आहेत. बेरीज येते २०४, बाकी ६, म्हणून नववा अंक ५ हवा. वजाबाकीचं उत्तर १० आलं तर ० आणि ११ आलं तर ५ धरतात. तुमच्या नंबरचं हे गणित जुळत नसेल, तर उतरवताना अंक इकडचा तिकडं झालाय. अर्थात याहून सोपा मार्ग म्हणजे ताईकडून पावतीचा फोटो मागवायचा. त्यासाठी तिला सांगावं लागेल, हे आलंच.

नंबर बरोबर निघाला, तर तोच तुमच्या देशाच्या टपालखात्याच्या साइटवर टाकून बघा. तुम्ही बहुधा ताईनं दिलेल्या तिकडच्या साइटवरच बघत असाल. इकडच्या नोंदी इकडच्या साइटवर जास्त तपशिलात असतात: कोणत्या कार्यालयातून वाटप झालं, किती वाजता, आधी एखादा प्रयत्न फसला होता का. आपल्याला हवं आहे ते कार्यालयाचं नाव. ‘डिलिव्हर्ड’ची नोंद ज्या कार्यालयानं केली, उत्तर द्यायची पाळी त्यांची.

आता त्या मुलाबद्दल. तो नवा आहे, यापलीकडे त्याच्याविरुद्धचा एकही पुरावा तुमच्या पत्रात नाही. नवा माणूस चोर असण्यापेक्षा चुकणारा असण्याची शक्यता मला कितीतरी जास्त वाटते. शेजारच्या इमारतीतला तुमच्याच क्रमांकाचा दरवाजा, तुमच्याच आडनावाचं दुसरं घर, पत्त्यात लिहिलेली पण आता बदललेली खूण, जुन्या माणसाला हे सगळं पाठ असतं. नव्याला नसतं. शिवाय या कामाची एक रीत बाहेरच्यांना माहीत नसते. गाडी दुपारी अजून अर्धी भरलेली असते आणि दिवस संपताना प्रत्येक पार्सलपुढं काहीतरी नोंद झालीच पाहिजे. ‘दिलं नाही’ म्हटलं की कारण द्यावं लागतं. मग काही जण पार्सल हातात असतानाच ‘दिलं’ म्हणून टाकतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खरोखर नेऊन देतात. ही रीत चुकीचीच आहे. पण ही चोरी नव्हे. याखेरीज पार्सल पहारेकऱ्याच्या टेबलाखाली, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत, एखाद्या सज्जन शेजाऱ्याच्या दिवाणखान्यात किंवा जवळच्या संकलन केंद्रात सुखानं पडलेलं असतं असंही होतं. तुमच्या घरातली सगळी माणसं विचारून झालीत ना? सकाळी कामाला येणाऱ्या बाईंनी किंवा मुलाच्या मित्रानं घेऊन कपाटावर ठेवलेलं पार्सल पुढं महिन्यानं सापडलं, अशी पत्रंही मला आली आहेत.

पोलिसांत जायच्या आधी त्या कार्यालयात स्वतः जा. फोनवर कुणी शोधत नाही. समोर माणूस उभा असला की शोधतात. सकाळी लवकर जा, वाटपाची माणसं माल लावत असतात तेव्हा. त्या वेळी तो मुलगाही भेटेल, आणि मंगळवारी दुपारी कुठल्या दारात काय दिलं हे आठवू शकेल असा जगात तोच एक माणूस आहे. त्यालाच आरोपी करून ठेवलंत, तर पहिली गोष्ट तो करेल ती म्हणजे आठवायचं थांबवेल. ‘तुमच्या मुलानं माझं पार्सल लाटलं’ असं म्हणू नका. म्हणा, ‘या नंबरची नोंद मंगळवारी दुपारची आहे. मी घरीच होते, माझ्या हातात काही आलेलं नाही. घेणाऱ्याची सही किंवा फोटो असेल तर दाखवा.’ सही घेतली असेल तर ती बघा. हल्ली कित्येक ठिकाणी दारात ठेवलेल्या पार्सलचा फोटो आणि स्कॅन कुठं झालं त्याची जागाही यंत्रात राहते. फोटोतला दरवाजा तुमचा नसेल, तर तो कुणाचा हे ती इमारत ओळखणारा कुणीही सांगेल. दाखवायला तयार नसतील तर मागणी लेखी द्या, प्रतीवर शिक्का घ्या आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. क्रमांक नाही, तर तक्रार झालीच नाही असं समजा.

वजनही विचारून ठेवा. ताईच्या पावतीवर ग्रॅमपर्यंत वजन असेल. इकडच्या केंद्रात ते पुन्हा तोललं असेल, तर दोन आकडे ताडून बघता येतात. फरक मोठा असला, तर आतलं काही वाटेत निघालं किंवा लेबलच दुसऱ्या खोक्यावर गेलं असा अर्थ होतो, आणि मग शोध तुमच्या गल्लीत नाही, मागं कुठंतरी घ्यायला लागतो.

पोलिसांची वेळ येऊ शकते. तुमच्या नावची सही दाखवली आणि ती तुमची नाही असं दिसलं, आणि कार्यालयानं लेखी विचारूनही हात झटकले, तर जरूर जा. हातात कागद असेल. मात्र तक्रारीत ‘अमुक नंबरचं पार्सल मिळालं नाही आणि सही माझी नाही’ एवढंच लिहा. माणसाचं नाव घालणं हे तपास करणाऱ्यांचं काम. हातावर पोट असलेल्या पोराचं नाव एकदा अशा कागदावर चढलं की पार्सल शेजारच्या घरात सापडल्यानंतरही ते सहजी उतरत नाही.

त्या मेसेजची रुखरुख तर आजच सोडून द्या. तुम्ही लिंक उघडली नाहीत, हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम झालं. पत्ता अपूर्ण, शुल्क किरकोळ, मुदत काही तासांची आणि खाली लिंक, हा फसवणुकीचा ठरलेला साचा आहे. तो हजारो नंबरांवर एकदम सोडतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं काही ना काही वाटेवर असतंच, म्हणून तो आपल्यालाच उद्देशून आल्यासारखा वाटतो. किरकोळ शुल्क हे आमिष असतं, त्यांना हवी असते तुमच्या कार्डाची माहिती. गोंधळ असा की खरं टपालखातं आणि खऱ्या कुरिअर कंपन्याही मेसेज पाठवतात, आणि परदेशी पार्सलवर कधीकधी कस्टमचं शुल्क खरोखरच लागतं. म्हणून मेसेजवरून खरं-खोटं ठरवत बसूच नये. लिंक न दाबता अधिकृत साइट स्वतः उघडायची, पावतीवरचा नंबर टाकायचा. शुल्क बाकी असेल तर ते तिथं दिसेल किंवा कार्यालयात विचारता येईल. कुणी आधीच कार्डाची माहिती भरून बसलं असेल, तर त्यानं हे पत्र वाचायचं इथंच थांबवून बँकेला फोन करून कार्ड बंद करावं. आणि डिलिव्हरीचा ओटीपी पार्सल डोळ्यांसमोर दिसल्याशिवाय कुणालाही सांगू नये, समोरचा फोनवर कितीही घाई करो.

तर आता ताई.

‘आईची एक वस्तू हिला सांभाळता आली नाही’ असं ताईला वाटेल, असं तुम्ही लिहिलंय. पण ती वस्तू तुमच्या हातात आलीच कुठं? जे हातात आलं नाही ते हरवल्याचा दोष तुम्ही आधीच स्वतःच्या नावावर लावून घेतलाय. ताई काय म्हणेल हे मला माहीत नाही. कदाचित चिडेल. कदाचित असंही असेल की पाठवताना तिनं कस्टमच्या फॉर्मवर ‘जुने कपडे, वह्या, किंमत नगण्य’ असं लिहिलंय, विमा उतरवला नाही, आणि ती स्वतःच रात्री उठून ट्रॅकिंगचं पान बघतेय. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं ते तुमची परीक्षा घ्यायला नसावं. ‘डिलिव्हर्ड’ तिच्याही पानावर दिसतच असेल ना? मंगळवारपासून तिला पोचल्याची नोंद दिसतेय आणि बहीण म्हणते ‘येईल आज-उद्या’. या दोन गोष्टी तिच्या मनात कशा जुळत असतील याचा जरा विचार करा. गप्प राहून तुम्ही तिला काळजीतून वाचवत नाही आहात, भलत्या शंकेत ढकलता आहात.

शिवाय घड्याळ चालू आहे. टपाल संघाच्या नियमांप्रमाणे परदेशी टपालाच्या चौकशीची मुदत पाठवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने असते. खासगी कुरिअरची मुदत ज्याच्या त्याच्या अटींप्रमाणे, आणि बरेचदा ती यापेक्षा खूपच आखूड असते, ते पावतीच्या मागच्या बारीक अक्षरांत बघावं लागतं. तुमच्याकडे वेळ आहे. पण जितका उशीर, तितकी माणसं विसरतात, फोटो पुसले जातात, गोदामं रिकामी होतात.

फोन करायला जड जात असेल तर आधी लिहून पाठवा. साधंच: ‘ताई, पानावर पोचलं दिसतंय, पण मला मिळालेलं नाही. तुला सांगायला कचरत होते. इकडच्या कार्यालयात मी जातेय, तिकडून तुला चौकशी अर्ज करावा लागेल. पावतीचा आणि कस्टम फॉर्मचा फोटो पाठवशील?’ माफी मागायची गरज नाही, खुलासे तर नकोतच.

ताईनं करायचं ते असं. जिथून पाठवलं त्या टपाल कार्यालयात किंवा त्यांच्या साइटवर चौकशी अर्ज भरायचा. टपालाच्या भाषेत हा सीएन ०८ नमुना. तिकडचं खातं तो इकडच्या खात्याकडे पाठवतं आणि इकडच्यांना उत्तर द्यावं लागतं. तुम्ही मिळालं नसल्याचं लेखी दिलेलं असेल, त्यावर शिक्का आणि क्रमांक असेल, तर त्या अर्जाला वजन येतं. दोन्ही टोकांनी एकाच आठवड्यात धक्का दिला तर हे काम हलतं, एका टोकानं दिला तर फायली एकमेकांकडे बोट दाखवतात. पार्सलच्या फॉर्मवर ‘देता आलं नाही तर काय करावं’ असा एक रकाना असतो: परत पाठवा, की सोडून दिलं समजा. ताईनं कुठं खूण केली होती तेही विचारा. भलतीकडे खूण असेल, तर ती माहिती आजच कळलेली बरी.

भरपाईची फार आशा धरू नका. विमा नसेल तर ती ठरलेल्या मर्यादेतच मिळते आणि वस्तूवर आपला किती जीव होता हे कुठल्याच कोष्टकात बसत नाही. (हवी असल्यास ताई लिहून देऊन तो हक्क तुमच्या नावे सोडू शकते.) तुम्हाला पैसे नकोत, वह्या हव्यात. म्हणून अर्जात किमतीपेक्षा वर्णनावर भर द्यायला सांगा. लेबल निखळलेली, पत्ता वाचता न येणारी पार्सलं बहुतेक देशांत एका ठिकाणी गोळा होतात आणि मालकाचा पत्ता लागावा म्हणून उघडून बघितली जातात. अमेरिकेत हे काम अटलांटामध्ये चालतं, ब्रिटनमध्ये बेलफास्टमध्ये. तिथल्या माणसासमोर ‘वह्या व शाल’ असलेली खोकी किती असतील कोण जाणे. पण ‘निळ्या रेक्झिनचं पुठ्ठ्याचं आवरण, शंभरपानी, कोपरे झिजलेले, पहिल्या पानावर लाल शाईत अमुक नाव आणि साल’ असं वर्णन एकाच खोक्याचं असतं. हे वर्णन ताईलाच करता येईल, कारण वह्या शेवटच्या तिनं हाताळल्या. आणि पहिल्या पानावर आईनं काय लिहिलं होतं ते तुम्हा दोघींना मिळून आठवावं लागेल. हा फोन तुम्ही समजता तितका वाईट होणार नाही.

तुमचं पत्र वाचून आपलंही असंच झालंय म्हणणारे पुष्कळ असतील, पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी वस्तू विकत घेतलेली असणार. त्यांचं प्रकरण यापेक्षा सोपं आहे. तिथं कुरिअरचं गिऱ्हाईक विक्रेता असतो, म्हणून कुरिअरशी भांडण्यात शक्ती घालवू नये. विक्रेत्याला लेखी कळवावं आणि शोध त्याला घेऊ द्यावा. युरोपीय संघात तर २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार माल ग्राहकाच्या ताब्यात येईपर्यंतचा धोका विक्रेत्याचाच असतो. अपवाद एकच, वाहतूकदार ग्राहकानं स्वतः ठरवलेला असला तर. इतरत्र आपापल्या देशाचा नियम बघावा. कार्डानं पैसे भरले असतील तर बँकेकडे वाद नोंदवता येतो, त्यालाही मुदत असते. ‘लेबल तयार झालं’ एवढीच नोंद दिवसेंदिवस दिसत असेल, तर पार्सल बहुधा हरवलेलं नसतं. बरेचदा ते विक्रेत्यानं अजून हातातून सोडलेलंच नसतं. खोकं फाटकं किंवा ओलं आलं, तर सही करतानाच शेरा मारावा, उघडण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो काढावेत आणि आतलं भरणही निकाल लागेपर्यंत टाकू नये. खासगी कंपनीमार्फत देशादेशांत विमानानं आलेल्या मालाच्या नुकसानीबद्दल १९९९ च्या मॉन्ट्रियल करारात १४ दिवसांत लेखी तक्रार करायची अट आहे. टपाल त्या करारातून वगळलेलं आहे.

राहिल्या ताईकडच्या उरलेल्या वह्या. त्या पाठवू नकोस असं सांगायची गरज नाही, फक्त आता घाईनं पाठवू नकोस असं सांगा. आधी तिनं प्रत्येक पानाचा फोटो काढावा, दिवसाउजेडी, खिडकीशी, आणि तुम्हाला पाठवून द्यावा; अक्षर तरी मग कुठं जात नाही. सगळ्या वह्या एका खोक्यात घालू नयेत, दोन वेगवेगळ्या आठवड्यांत पाठवाव्यात. वरच्या लेबलाइतकाच आतही एक कागद हवा, दोघींचे पत्ते आणि फोन नंबर लिहिलेला, म्हणजे लेबल गेलं तरी खोकं बेवारस होत नाही. कस्टमच्या फॉर्मवर नुसतं ‘भेट’ न लिहिता ‘हस्तलिखित वह्या, वापरलेल्या, नग दोन’ असं लिहावं, आणि ‘देता आलं नाही तर परत पाठवा’ या रकान्यात खूण करावी. सेवा घेताना स्वस्तातली न घेता सहीनं वाटप होणारी, विमा उतरवता येणारी घ्यावी. पत्त्यात तुमचा चालू फोन नंबर घालायला सांगा, आणि तो तिला फोनवर सांगू नका, लिहून पाठवा.